मुलांची वाढ आणि शरीरातील ग्रंथी

लोणार हे नावच मुळी खाराचे आहे. लवणासुराची कथा येथे लहान मुलालाही पाठ असते आणि त्या असुराचा वध करणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात उभे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे येथील विवर अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात पडले, हा निर्णय शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिला. परंतु त्यापूर्वी कित्येक शतके माणसाचा या तळ्याशी जो संबंध होता तो मजुरीचा होता. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मजूर चिखलात उतरून खार गोळा करीत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्या खारांची निरनिराळी नावे होती. येथील खारापासून काच व साबण होतो आणि त्याचे सरकारला उत्पन्न मिळते, अशी नोंद अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’तही आहे.

अशा गावात मिठाविषयी काही सांगू जाणे हे गंगेच्या काठी पाणी विकण्यासारखे वाटेल. तरीही आरंभ मिठापासूनच करावयाचा आहे. मुलाच्या शरीराला आयोडीन नावाचे एक मूलद्रव्य अगदी चिमूटभरही नव्हे, तर धुळीच्या कणाएवढे रोज लागते. आणि तळ्याच्या खाराच्या भरवशावर राहून ती गरज भागत नाही. ते मिळाले नाही तर मुलाची उंची खुंटते आणि बुद्धीही खुंटते. आयोडीन हा मात्र या विषयाचा केवळ उंबरठा आहे. शरीरातील ज्या अनेक ग्रंथींवर मुलाची वाढ अवलंबून असते, त्यांपैकी एखादी बिघडली म्हणजे काय होते, ते ओळखावे कसे आणि त्यावर उपाय कोणते, हे येथे सांगावयाचे आहे.

लिहिणारा डॉक्टर नाही. हमाल, जिनिंगमधील कामगार आणि अंगणवाडी सेविका यांच्या संघटनांत माझे आयुष्य गेले. शाळेत जे पदरी पडले नाही ते वाचनालयांतून मिळविले. संघटनेच्या कचेरीत पगाराच्या तक्रारी येतात, तशा मुलाबाळांच्या दुखण्याच्या कहाण्याही येतात. त्यांतील काही दुखणी अशी असतात की त्यांवर औषध आहे, ते स्वस्त आहे, पण वेळ टळून गेलेली असते. या साऱ्या विषयात वेळेइतके महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही, ही गोष्ट वाचकांनी प्रथमच ध्यानात घ्यावी.

भोंगा आणि मुकादम

आपल्या शरीरात दोन प्रकारच्या ग्रंथी आहेत. लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथीला स्वतःची नळी असते आणि ती आपला रस त्या नळीतून ठरलेल्या जागी सोडते. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथीला नळीच नसते. ती आपला रस सरळ रक्तात सोडते आणि तो रक्ताबरोबर अंगभर फिरतो. या रसाला हार्मोन म्हणतात; मराठीत त्यास संप्रेरक असा नेमका शब्द आहे.

जिनिंग फॅक्टरीचा भोंगा वाजला की तो साऱ्या गावाला ऐकू येतो, परंतु ज्यांची पाळी असते तेच कामाला निघतात. संप्रेरकाचेही तसेच आहे. ते पोहोचते सर्वत्र, पण ज्या पेशींना ती हाक ओळखता येते त्याच हालचाल करतात. हाडाने लांब व्हावे, मूत्रपिंडाने मीठ राखून ठेवावे, स्नायूने साखर आत घ्यावी, असे हे निरनिराळे हुकूम असतात. त्यांचे प्रमाणही किती सूक्ष्म! थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक शंभर मिलिलिटर रक्तात ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या हिशेबाने मोजावे लागते.

या ग्रंथींवर देखरेख करणारी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते. तिला आपण मुकादम म्हणू. गळ्यातील थायरॉइडचे काम कमी पडू लागले की हा मुकादम टीएसएच नावाच्या संप्रेरकाने तिला हाका मारतो. काम जितके कमी, तितका आवाज मोठा. म्हणून रक्ताच्या तपासणीत टीएसएच वाढलेला दिसला तर डॉक्टर ओळखतात की मुकादम ओरडत आहे, अर्थात ग्रंथीचे काम अपुरे पडत आहे. मात्र मुकादमाचा आवाज चढला म्हणजे दोष कामगाराचाच, असे आम्ही संघटनेची माणसे कधी मानीत नाही. कामगार कामाला तयार असेल, पण कोठारात कच्चा मालच नसेल तर त्याने काय करावे? थायरॉइडचा कच्चा माल म्हणजे आयोडीन. ते मिळाले नाही की हाकांवर हाका ऐकून ती ग्रंथी बिचारी फुगत जाते. त्यालाच आपण गलगंड म्हणतो.

मोठ्या माणसाच्या शरीरात ही द्रव्ये चालू कारखाना सांभाळतात. मुलाच्या शरीरात ती कारखाना बांधीतही असतात. बांधकामाच्या वेळी जो खांब घालावयाचा राहिला तो पुढे छत पडल्यावर घालता येत नाही. म्हणूनच मुलांच्या ग्रंथिविकारांचा वेगळा विचार करावा लागतो.

मिठाचा कायदा

पाच वर्षांखालील मुलाला रोज ९० मायक्रोग्रॅम, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला १२० आणि गर्भवती स्त्रीला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. समुद्रापासून दूरच्या आणि पावसाने धुपलेल्या जमिनीत आयोडीन थोडे असते, आणि जे जमिनीत नाही ते धान्यात कोठून येणार? डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात प्रयोग करून दाखविले की मिठात आयोडीन मिसळल्याने गलगंड मागे हटतो. त्या आधारावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन नसलेले मीठ माणसांच्या खाण्यासाठी विकण्यावर देशभर बंदी आली, मध्यंतरी ती उठली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दहा लाख भागांस किमान १५ भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे.

घरात एवढेच पाहावयाचे की पुडीवर हसऱ्या सूर्याचे चिन्ह आहे. जनावरांसाठी आणलेले खडे मीठ स्वस्त म्हणून स्वयंपाकात वापरू नये. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून व ओलीपासून दूर ठेवावे, कारण उघड्यावर राहिल्याने आयोडीन कमी होत जाते. आपल्या तळ्याचा खार पापडाला उत्तम असेल, पण तो या मिठाची जागा घेऊ शकत नाही. गर्भारपणी आईला आयोडीन मिळाले नाही तर बाळाच्या मेंदूचे नुकसान जन्मापूर्वीच सुरू होते. तेव्हा ही काळजी सुनेला दिवस गेल्यावर नव्हे, त्याच्या आधीपासून घ्यावयाची आहे.

शांत बाळ

आता आयोडीन पुरेसे असूनही काही बाळे थायरॉइड ग्रंथी नसलेली, अपुरी किंवा भलत्या जागी असलेली अशी जन्मास येतात. हा जन्मजात दोष आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद या पाच ठिकाणी एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर ११३० बाळांमागे एकाला हा दोष होता; म्हणजे दहा हजार जन्मांत आठ-नऊ. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण साधारणतः दोन ते चार हजारांत एक असे सांगतात.

अशा बाळाची ओळख पटणे कठीण असते, कारण जन्मतः ते इतर बाळांसारखेच दिसते. पुढे ते फार झोपते, रडत नाही, अंगावर पिताना दमते. घरातील वडील मंडळी कौतुकाने म्हणतात, ‘काय गुणी बाळ आहे, आईला मुळीच त्रास देत नाही.’ कावीळ लांबते, शौचास घट्ट होते, बेंबी फुगते, आवाज घोगरा होतो, जीभ मोठी दिसू लागते, कातडी थंड व कोरडी लागते. ही सगळी लक्षणे स्पष्ट होईपर्यंत महिने उलटतात आणि तेवढ्या अवधीत मेंदूच्या बांधणीचा मोलाचा काळ निघून जातो. औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर मूल इतर मुलांप्रमाणे शिकते, खेळते, पुढे कमावते. सहा महिन्यांनी सुरू झाले तर शरीर सुधारते, पण बुद्धीची हानी पुष्कळशी भरून येत नाही.

म्हणून लक्षणांची वाट न पाहता प्रत्येक बाळाची तपासणी करावी, हा विचार पुढे आला. जन्मानंतर दोन ते तीन दिवसांनी टाचेला बारीक टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घ्यावयाचे, तो कागद वाळवावयाचा आणि प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा. काही ठिकाणी नाळेतील रक्तही घेतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात डॉ. जाँ दुसो यांनी १९७४ च्या सुमारास ही तपासणी सार्वत्रिक करून दाखविली. आपल्याकडे मुंबईच्या परळ भागात, गिरण्यांच्या धुरांड्यांच्या सावलीत, १९२९ साली मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय सुरू झाले. गिरणगावची मुले तेथे पिढ्यान्‌पिढ्या उपचार घेत आली. मुलांच्या ग्रंथिविकारांच्या शास्त्राचा भारतात पाया घालणाऱ्यांत त्याच रुग्णालयाशी संबंधित असलेल्या डॉ. मीना देसाई यांचे नाव अग्रभागी आहे. टिपकागदावरच्या थेंबांनी नवजात बालकांची तपासणी त्यांनी मुंबईत १९८० च्या दशकातच करून दाखविली. गोवा सरकारने २००८ मध्ये अशी तपासणी सुरू केली होती. तेव्हा हे ज्ञान परदेशचे आहे, आपल्याला ते झेपणार नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

दोष आढळला तर उपचार काय? लेव्होथायरॉक्सिनची एक लहानशी गोळी रोज एकदा, आईच्या दुधाच्या किंवा पाण्याच्या चमचाभर थेंबांत विरघळवून द्यावयाची. लोहाचे किंवा कॅल्शियमचे औषध त्याच वेळी देऊ नये. मूल वाढेल तसे रक्त तपासून गोळीचे प्रमाण बदलावे लागते. त्या गोळीची किंमत चहाच्या एका कपाहून कमी आहे. एका माणसाचे सारे आयुष्य एका कप चहाच्या किमतीवर तोलले जाते, यापेक्षा स्पष्ट हिशेब कोणता?

साखर आणि ग्लुकोजची बाटली

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड आहे. त्यातील काही पेशी इन्सुलिन निर्माण करतात. रक्तातील साखर पेशींच्या आत नेण्याचे काम या इन्सुलिनचे. काही मुलांच्या बाबतीत शरीराची संरक्षक फौज चुकून याच पेशींवर चालून जाते आणि त्यांचा नाश करते. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आई-वडिलांच्या कोणत्याही चुकीने होत नाही, आणि प्रौढांच्या मधुमेहाप्रमाणे पथ्यावर किंवा गोळ्यांवर भागत नाही. त्याला इन्सुलिनच पाहिजे.

लक्षणे थोडक्यात अशी: मूल सारखे पाणी मागते, सारखे लघवीला जाते, अंथरुण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागते, भूक असूनही काही आठवड्यांत वाळत जाते. लघवीला मुंग्या लागतात, ही आपल्या जुन्या वैद्यांनी नोंदविलेली खूण आजही खरी आहे. याही पुढे गेले म्हणजे ओकाऱ्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, आणि अखेर गुंगी. या अवस्थेत त्याला कोणी अपेंडिक्स समजतो, कोणी न्युमोनिया, कोणी बाहेरची बाधा.

आमच्या एका हमाल सभासदाचा नऊ वर्षांचा मुलगा असाच वाळत गेला. प्रथम जंताचे औषध झाले, मग नजर उतरविली. पोर उभे राहीना तेव्हा त्याला एका दवाखान्यात नेले आणि अशक्तपणासाठी ग्लुकोजची बाटली लावण्याची तयारी झाली. तेथील नर्सने आधी बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर पाहिली, आणि बाटली बाजूला ठेवून मुलाला तातडीने मोठ्या रुग्णालयात धाडले. साखरेने आधीच जळणाऱ्या देहात तिने आणखी साखर जाऊ दिली नाही. तो थेंब घेण्यास एक मिनिटही लागले नव्हते. ओकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या किंवा गुंगीत गेलेल्या प्रत्येक मुलाची साखर प्रथम तपासा, असा आग्रह आई-बापांनी न संकोचता धरावा.

इन्सुलिनच्या शोधाची हकीकत कामगारांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांनी १९२१-२२ मध्ये ते वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मरणासन्न मुलाला ते प्रथम टोचले आणि तो वाचला. त्याआधी असे मूल म्हणजे काही महिन्यांचे पाहुणे. संशोधकांनी त्याचे पेटंट टोरोंटो विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकले; औषध सर्वांना मिळावे हा त्यामागचा हेतू. शंभर वर्षे लोटली, तरी गरिबाच्या घरात इन्सुलिनची कुपी वेळेवर पोहोचतेच असे नाही.

विदर्भात यावर काम झालेले आहे. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ड्रीम ट्रस्टने मधुमेही गरीब मुलांना मोफत इन्सुलिन व शिक्षण देण्याचा मार्ग घालून दिला. लोणारपासून त्यामानाने जवळच्या छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ संस्थेने अशाच मुलांसाठी काम उभे केले. त्यांच्या कामातून एक गोष्ट सिद्ध झाली आहे. इंजेक्शन टोचणे, साखर मोजणे, जेवणाचा हिशेब ठेवणे हे सर्व अशिक्षित आईलाही शिकविता येते, आणि मूल दहा-बारा वर्षांचे झाले की स्वतः करू लागते. घरात फ्रीज नसेल तर मातीच्या दोन मडक्यांत एकात एक ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि आतल्या मडक्यात कुपी पिशवीत बांधून ठेवावी. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यातही त्यामुळे कुपी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच थंड राहते. कुपी बर्फात मात्र गोठू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

मीठ गमावणारे मूल

मूत्रपिंडांच्या माथ्यावर ॲड्रिनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या आहेत. शरीरातील मीठ राखणे आणि आजारपणाच्या ताणात देह सांभाळणे ही त्यांची कामे. काही बाळांत जन्मतः एक रासायनिक दुवा तुटलेला असतो. त्यामुळे आवश्यक संप्रेरके तयार होत नाहीत आणि त्यांच्या जागी पुरुषी संप्रेरकांचा लोंढा येतो. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत हा दोष सुमारे ५७६२ बाळांमागे एकाला आढळला.

मुलीच्या बाबतीत जननेंद्रियाच्या ठेवणीवरून जन्मतःच शंका येते. लाज वाटून ही गोष्ट झाकून ठेवणे हे त्या बाळाच्या जिवावर बेतणारे आहे. मुलग्याच्या बाबतीत तर वरून काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ ओकू लागते, वजन घटते, डोळे खोल जातात. लघवीवाटे मीठ वाहून जात असते. हगवण समजून उपचार होतात आणि बाळ दगावते. मिठाच्या नावाने वसलेल्या या गावात मिठावाचून मूल दगावले तर त्याचे खरे कारणही कोणाला कळणार नाही. वेळीच निदान झाल्यास हायड्रोकॉर्टिसोन व मीठ राखणारे औषध रोज देऊन, आणि तान्हेपणी थोडे साधे मीठ पोटात देऊन, मूल उत्तम वाढते. ताप किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी औषधाचे प्रमाण डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वाढवावे लागते. ही सूचना लिहून घरात लावून ठेवावी.

मापाची पट्टी

आता उंचीचा प्रश्न. बाळ जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असते, पहिल्या वर्षी सुमारे २५ सेंटिमीटर वाढते आणि चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत दर वर्षी साधारण पाच ते सहा सेंटिमीटर. शाळेच्या वयात वर्षाची वाढ चार सेंटिमीटरहून कमी पडली तर डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. आई-बापांच्या उंचीवरून मुलाचा अंदाजही बांधता येतो. दोघांच्या उंचीची बेरीज करून मुलग्यासाठी १३ मिळवावेत, मुलीसाठी १३ वजा करावेत आणि दोहोंनी भागावे. बाप १६२ आणि आई १५० सेंटिमीटर असेल तर मुलग्याची अपेक्षित उंची १६२.५ आणि मुलीची १४९.५ च्या आसपास येते. अशा घरातील मुलगी बुटकी दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. आपल्या तालुक्यातील पुष्कळ मुले बुटकी आहेत ती ग्रंथींच्या दोषाने नव्हे, तर पुरेशा अन्नावाचून आणि वारंवारच्या आजारांमुळे. त्यांना इंजेक्शन नको, जेवण पाहिजे. दोहोंतील भेद ओळखण्याची एक साधी खूण आहे. अन्न कमी पडते तेव्हा आधी वजन घटते आणि मग उंची थांबते. ग्रंथी बिघडते तेव्हा उंची थांबते, पण वजन टिकते किंवा वाढते; मूल बुटके आणि गुबगुबीत दिसू लागते. असे मूल दिसले की थायरॉइड आणि वाढीचे संप्रेरक यांची तपासणी करावी. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. देहाचे वय दहा आणि हाडांचे वय सात, असे निघाले तर त्यातून पुष्कळ उलगडा होतो. भारतीय मुलांसाठी वाढीचे स्वतंत्र तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारून दिले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे.

वाढीचे संप्रेरक पूर्वी मृतांच्या पिट्युटरी ग्रंथींतून काढीत. त्यातून मेंदूचा एक प्राणघातक रोग पसरतो असे १९८५ साली उघड झाले आणि तो मार्ग बंद पडला. त्याच सुमारास प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तेच द्रव्य तयार करून घेण्याची युक्ती साधली. आज ते रोज रात्री टोचतात. ते महाग आहे आणि ज्याच्या शरीरात त्याची खरी उणीव आहे त्याला, तसेच टर्नर विकारासारख्या काही ठराविक रोगांतच ते द्यावयाचे असते. टर्नर विकार सुमारे अडीच हजार मुलींत एकीला असतो. म्हणून आई-बापांच्या मानाने फारच बुटक्या असलेल्या मुलीच्या गुणसूत्रांची तपासणी सांगितली तर ती टाळू नये.

वयात येण्याचेही वेळापत्रक असते. आठ वर्षांच्या आत मुलीची छाती वाढू लागली किंवा नऊ वर्षांच्या आत मुलग्याच्या वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर ते अकाली समजावे. तेरा वर्षांपर्यंत मुलीत आणि चौदापर्यंत मुलग्यात काहीच खूण नसेल तर उशीर समजावा. अकाली वयात आलेल्या मुलाची हाडे लवकर पक्की होतात आणि ते आधी उंच दिसले तरी शेवटी बुटके राहते. हा वेग औषधाने रोखता येतो. परंतु आपल्याकडे मुलगी लवकर ‘शहाणी’ झाली की दवाखान्याची नव्हे, लग्नाची घाई होते. नऊ-दहा वर्षांची पोर ही पोरच असते. तिचे शरीर पुढे धावले म्हणून तिचे बालपण संपत नाही.

पुडीतील धोका

या अज्ञानावर धंदा करणारेही आहेत. उंची वाढविणाऱ्या भुकट्यांच्या जाहिराती भिंतीभिंतींवर दिसतात. हाडांची वाढ पुरी झाल्यावर कोणतीही भुकटी उंची वाढवीत नाही. याहून वाईट म्हणजे दम्यावर, खरजेवर किंवा अशक्तपणावर दिलेली बिननावाची पुडी. तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असले तर मुलाला आठवड्यात भूक लागते, गाल भरतात आणि घर खूश होते. काही महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो आणि उंची थांबते. अशी पुडी बराच काळ चालू असेल तर ती एकदम बंदही करू नये, कारण शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर झोपी गेलेली असते. पुडी घेऊन डॉक्टरकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याने ती हळूहळू सोडावी.

जबाबदारी कोणाची

एवढे ज्ञान असूनही मूल का राहून जाते, हा प्रश्न उरतोच. मोठ्या रुग्णालयाची एक खेप म्हणजे मजुराची दिवसाची रोजी आणि दोन माणसांचे एसटीचे भाडे. तीन खेपांत निदान न झाल्यास चौथी खेप होत नाही. त्याला आई-बापांची हयगय म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तपासणी माणसाच्या दारात आली तरच ती मजुराच्या मुलापर्यंत पोहोचते.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बालकाच्या काळजीची जी पद्धत सिद्ध केली, तिच्या धर्तीवर आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात, आणि त्यांच्या यादीत गलगंडही आहे. अंगणवाडी सेविका मुलाचे वजन-उंची नोंदवितेच. माणसे आहेत, नोंदवह्या आहेत, जीवनावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत इन्सुलिन आणि लेव्होथायरॉक्सिन ही दोन्ही आहेत. उणीव आहे ती दुवे जुळण्याची.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. प्रसूतिगृहातून सुटी देण्यापूर्वी किंवा आशाच्या तिसऱ्या दिवसाच्या भेटीत प्रत्येक बाळाच्या टाचेतील रक्त टिपकागदावर घेतले जावे आणि त्याचा निकाल दोन आठवड्यांच्या आत घरी कळावा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर मोजण्याचे यंत्र चालू स्थितीत व इन्सुलिन शिल्लक असावे. अंगणवाडीच्या वहीत उंची नुसती लिहून न ठेवता मागील वर्षाशी ताडून पाहिली जावी. आणि हे काम ज्या आशा व अंगणवाडी सेविकांकडून करून घ्यावयाचे, त्यांना नव्या कामाबरोबर नवे शिक्षण व त्याचा योग्य मोबदला मिळावा. मानधनाच्या नावाखाली फुकट राबवून घेतलेल्या हातांनी नाजूक काम नीट होत नसते.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करावे. घरात आयोडीनचे मीठ आणावे. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना, ‘बाळाच्या थायरॉइडची तपासणी झाली का?’ असे स्पष्ट विचारावे. प्रत्येक ठिकाणी ती आपोआप होते असे नाही. तहानलेल्या व वाळणाऱ्या मुलाची त्याच दिवशी साखर पाहावी. आणि दाराच्या चौकटीला मुलाला उभे करून त्याच्या दर वाढदिवशी डोक्याशी एक रेघ मारून तारीख घालावी. खडूच्या तुकड्याला खर्च काही नाही. दोन रेघा फार जवळ आल्या तर तिसरीची वाट न पाहता मुलाला घेऊन निघावे, आणि जाताना त्या तारखा कागदावर उतरवून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.